निकालानंतरचे खुले न्यायालय

मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, यांस



न्यायदान उघड्या दारांनी व्हावे, हे तत्त्व आपल्या न्यायालयास कोणी नव्याने सांगावे अशी स्थिती नाही. कारण स्वतंत्र भारतात या तत्त्वाची जी सर्वांत गाजलेली परीक्षा झाली, तिचा आरंभ याच न्यायालयाच्या एका दालनात झाला होता. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकांवरील अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने, आपली साक्ष वृत्तपत्रांत छापली गेल्यास आपल्या धंद्यास बाध येईल, म्हणून ती छापली जाऊ नये, अशी विनंती केली. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती तोंडी हुकुमाने मान्य केली. आणि वार्ताहर नरेश मिरजकर व त्यांचे सहव्यवसायी तो हुकूम घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या लेखणीने, उघड सुनावणीची महती निःसंदिग्ध शब्दांत सांगितली, आणि तरीही अपवादात्मक प्रसंगी प्रसिद्धी रोखण्याचा अधिकार न्यायालयास असतो असे ठरवून वार्ताहरांचे अर्ज फेटाळले. त्या निकालपत्राच्या या दोन्ही अंगांचा आधार मला या निवेदनात घ्यावयाचा आहे, म्हणून त्याचे स्मरण आरंभीच केले.

मिरजकर प्रकरणातील वाद खटला चालू असतानाच्या प्रसिद्धीचा होता. माझे म्हणणे त्यापुढील काळाविषयी, म्हणजे निकाल लागून कागदांचा बोजा दप्तरखान्यात गेल्यानंतरच्या काळाविषयी आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२७, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६, असे सांगते की फौजदारी न्यायालय जेथे बसेल ती जागा खुली समजावी आणि तेथे सोयीने मावतील तितक्या लोकांना प्रवेश असावा. त्यामुळे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी आलेला कोणीही शेतकरी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून साक्षीपुरावा ऐकू शकतो. 'या खटल्याशी तुमचा संबंध काय?' असे त्याला कोणी विचारीत नाही. तोच शेतकरी पुढे त्याच खटल्याच्या निकालपत्राची नक्कल मागण्यास गेला, की पहिला प्रश्न त्याला हाच विचारला जातो. जे सर्वांसमक्ष उच्चारले गेले, ते कागदावर उतरताच त्रयस्थास परके का व्हावे, याचे समाधानकारक कारण मला कोणत्याही अधिनियमात आढळलेले नाही.

अधिनियमांचा कल वस्तुतः उलट दिशेचा आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाने न्यायिक अधिकाऱ्यांच्या कृतींचे अभिलेख सार्वजनिक दस्तऐवजांत गणले, आणि ज्याला अशा दस्तऐवजाच्या पाहणीचा हक्क आहे त्याला फी भरताच सहीशिक्क्याची नक्कल मिळाली पाहिजे असे ठरविले; २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमानेही ती तरतूद कायम ठेवली आहे. मात्र पाहणीचा हक्क कोणास आहे, हे तेथे सांगितलेले नाही. माहितीच्या अधिकाराचा अधिनियम २००५ साली आला तेव्हा ही उणीव भरून निघेल असे अनेकांना वाटले. परंतु गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये असा निर्णय दिला की, न्यायालयीन कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागावयाच्या, आणि त्रयस्थाने कारण नमूद करून अर्ज करावा ही त्या नियमांतील अट माहितीच्या अधिकाराशी विसंगत नाही. या निर्णयाशी वाद घालण्याचा माझा मानस नाही. उलट, त्याचा सरळ अर्थ असा निघतो की हा प्रश्न संसदेच्या दारात नेण्याचे प्रयोजन उरलेले नसून तो सर्वस्वी आपल्या हातातला आहे. आणि जुन्या संहितेच्या कलम ३६३ ने, तसेच नव्या संहितेच्या कलम ४०४ ने, निकालाची झळ ज्याला पोचलेली नाही अशा कोणाही व्यक्तीला फी घेऊन व योग्य त्या शर्तींवर फौजदारी निकालाची नक्कल देण्याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयास स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२७ व २३५ ने कनिष्ठ न्यायालयांवरील देखरेख व नियंत्रण आपल्याकडे सोपविलेले आहेच.

हे कागद हवेत कोणाला, असा प्रश्न शहरात एखाद्यास पडेल. तालुक्याच्या ठिकाणी तो पडत नाही. बांधाच्या भांडणात पूर्वी कधीतरी ज्याच्यावर मारहाणीची फिर्याद झाली, आणि पुढे चार जाणत्यांनी मध्यस्थी केल्यावर ज्या खटल्यात न्यायालयासमोर तडजोड झाली, तो माणूस आखाती देशात सुतारकामासाठी जावे म्हणून पारपत्राचा अर्ज करतो, तेव्हा चारित्र्य पडताळणीच्या कागदावर पुष्कळदा 'गुन्हा दाखल' एवढीच नोंद उमटते. १९६७ च्या पारपत्र अधिनियमाचे सहावे कलम फौजदारी न्यायालयातील प्रलंबित कार्यवाही हे नकाराचे कारण मानते. कायद्याने तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच आहे; पण ती झाली हे सिद्ध करणारा कागद न्यायालयाच्या दप्तरात असतो, आणि तो हुडकून आणण्याचा भार अर्जदाराच्या शिरावर पडतो. अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालील खटले आपल्या तालुक्यात कोणत्या कारणांनी सुटतात याचा अभ्यास करू पाहणारा कार्यकर्ता, जुन्या प्रकरणाची हकीकत ऐकीव गप्पांऐवजी निकालपत्रावरून लिहू इच्छिणारा जिल्हा वृत्तपत्राचा बातमीदार, किंवा उमेदवाराने शपथपत्रात लिहिलेल्या खटल्यांचे पुढे काय झाले ते ताडून पाहणारा मतदार, हे सर्व याच दारात येऊन उभे राहतात. उमेदवारावरील फौजदारी प्रकरणांची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. त्या माहितीची शहानिशा ज्या कागदांवरून व्हावयाची, ते कागद मात्र मतदाराला पाहता येत नाहीत.

आता शोधाची वाट कशी आहे ते पाहावे. गावकऱ्याच्या स्मरणात असतो तो फार तर पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर. न्यायालयाच्या नोंदवहीला तो नंबर बहुधा ठाऊक नसतो, कारण दोषारोपपत्र दाखल होताच खटल्यास नवा क्रमांक पडतो, आणि तोही रेग्युलर क्रिमिनल केस की समरी यावरून निरनिराळ्या मालिकेत. प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाले तर तिसरा क्रमांक, अपील झाले तर चौथा. माणूस एकच, कृत्य एकच, आरोप एकच. परंतु दप्तरात त्यांची निरनिराळी अस्तित्वे झालेली असतात, आणि एका क्रमांकावरून दुसऱ्याकडे नेणारा दुवा एखाद्या अनुभवी कारकुनाच्या स्मरणशक्तीवाचून अन्यत्र सापडणे कठीण होते. त्या कारकुनाची बदली झाली, की दुवाही त्याच्याबरोबर जातो.

यात भूगोलाची भर पडते. महसुली जिल्हा शासनाच्या एका अधिसूचनेने एका दिवसात अस्तित्वात येतो, जसा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर निघाला. परंतु न्यायजिल्ह्याची रचना त्याच दिवशी बदलते असे नाही, आणि बदलली तरी जुन्या खटल्यांचे बोजे नव्या इमारतीत जातात, जुन्याच ठिकाणी राहतात, की वाटेत विभागले जातात, याची वार्ता पक्षकारापर्यंत पोचत नाही. आपल्या अधिकारक्षेत्राचा इतिहासही एकसंध नाही. पश्चिम महाराष्ट्राची न्यायव्यवस्था १८२७ च्या एल्फिन्स्टनकालीन रेग्युलेशनांच्या परंपरेतून वाढली, मराठवाड्याची निजामाच्या उर्दू कारभारातून, विदर्भाची मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या वहिवाटीतून, आणि गोव्याची पोर्तुगीज कायद्यातून. या चार घराण्यांचे कागद आज एका छत्राखाली आहेत, पण त्यांची फेरिस्त एका हाताने लिहिलेली नाही. शिवाय १९१७ च्या अधिनियमान्वये मुदत सरलेले कागद नष्ट करण्याची मुभा आहे, आणि ती असणे व्यवहार्यही आहे. दुःख एवढेच की, शोधणाऱ्याला 'मिळत नाही' हे एकच उत्तर मिळते, आणि त्या दोन शब्दांत कागद नियमानुसार नष्ट झाला, अपिलात वर गेला, दुसऱ्या इमारतीत आहे, की कोणी शोधलाच नाही, या चारही शक्यता सारख्याच सुखाने नांदतात.

संगणकाने हे सर्व पालटेल, अशी आशा २००७ पासून चाललेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने निर्माण केली, आणि ती निराधार होती असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रत्येक खटल्याला सोळा अंकाक्षरांचा एकमेव क्रमांक मिळाला. पोलीस ठाणे, वर्ष व गुन्हा क्रमांक यांवरून खटला शोधण्याची सोय झाली. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि तिच्यात जुने अभिलेख अंकीय स्वरूपात आणण्यासाठी मोठा वाटा राखून ठेवण्यात आला. परंतु संगणकाच्या आधीचा काळ त्या पडद्यावर अद्याप तुरळकच उमटतो. जेथे उमटतो तेथे पुष्कळदा तारखांची यादी व 'निकाली' हा शब्द दिसतो, निकालपत्र दिसत नाही. आणि नावाने शोध घ्यावा तर रोमन लिपीतील वर्णाक्षरांवर भिस्त ठेवावी लागते. १९९८ पासून या राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, रोजनामा व जबाब मराठीत लिहिले जातात. आणि त्यांचा शोध घेणाऱ्या मराठी माणसाने 'पवार' हे आडनाव कोणत्या कारकुनाने कोणत्या इंग्रजी अक्षरांत टंकिले असेल याचा तर्क लढवीत बसावे, हा विपर्यास आहे.

या अवस्थेचा परिणाम दप्तर गुप्त राहण्यात होतो असे कोणी समजू नये. विहीर गावाची, पण दोर एकाच्याच घरी, असा प्रकार तेथे घडतो. ज्याची ओळख आहे, ज्याला कोणत्या खिडकीशी कोणत्या वेळी उभे राहावे हे कळते, ज्याच्या वतीने बोलणारा मध्यस्थ आवारातील झाडाखाली टंकलेखन यंत्र मांडून बसलेला आहे, त्याला नक्कल मिळते. आणि ज्याला यांपैकी काही नाही त्याला नियम मिळतो. 'कारण सांगा' ही अट लिहिणाऱ्यांचा हेतू दुरुपयोग टाळण्याचा होता हे मी मानतो. परंतु कोणते कारण पुरेसे आणि कोणते अपुरे याचा निर्णय जेथे अर्जागणिक बदलू शकतो, तेथे दुर्बळाचे कारण नेहमीच अपुरे ठरते. अधिकार सर्वांना नसतो तेव्हा तो कोणालाच नसतो असे होत नाही. तो काहींची मिरास होऊन बसतो.

एका विसंगतीकडे आपले लक्ष विशेषत्वाने वेधावेसे वाटते. आरोपीस कारावासाची शिक्षा झाली, तर निकाल सांगितल्याबरोबर त्याची प्रत त्याला विनामूल्य द्यावी, अशी संहितेची आज्ञा आहे, आणि ती यथार्थ आहे, कारण त्याला अपील करावयाचे असते. पण जो निर्दोष सुटला, त्याला प्रत आपोआप मिळावी असे संहिता सांगत नाही. त्याने अर्ज करावा, फी भरावी आणि वाट पाहावी. सुटकेच्या आनंदात, आणि पुन्हा या पायऱ्या चढू नयेत या इच्छेने, तो बहुधा काहीच न मागता गावी निघून जातो; मग पुढे कधीतरी नोकरीच्या किंवा पारपत्राच्या निमित्ताने त्याला कळते की, फिर्यादीचा कागद पोलिसांच्या संगणकात ठळक उभा आहे आणि मुक्ततेचा कागद जिल्ह्याच्या दप्तरखान्यातील कोणत्या तरी फळीवर आहे. ज्याला शिक्षा झाली त्याच्या हाती न्यायालयाचा शब्द आहे. ज्याला न्यायालयाने सोडले त्याच्या हाती काही नाही.

ज्या देशात या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून झाला, तेथील अनुभव आपणास दोन्ही बाजूंनी शिकविणारा आहे. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, आणि त्यांतील अनेक आपल्या एखाद्या मोठ्या गावाहूनही लहान आहेत. टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ भरली, तरी तिलाही स्वतःचे न्यायालयगृह आणि मतदारांनी निवडून दिलेला दप्तरप्रमुख आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, अध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींच्या प्रकरणात, नक्कल नाकारतानाही हे मान्य केले की न्यायालयीन अभिलेख पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना आहे, आणि इंग्लंडच्या रिवाजाहून वेगळे, अर्जदाराने आपला हितसंबंध दाखविण्याची गरज तेथे सामान्यतः नाही. तथापि त्याच न्यायालयाने १९८९ साली दुसरी बाजूही पाहिली. एका माणसाच्या सर्व अटकांचा व खटल्यांचा एकत्रित गोषवारा बातमीदारांनी केंद्रीय तपासयंत्रणेकडे मागितला, तेव्हा न्यायालय म्हणाले की काउंटीच्या दप्तरांत विखुरलेला एकेक कागद कोणी कष्टाने जाऊन पाहणे वेगळे, आणि ते सर्व कागद संगणकाने एका नावाखाली गोळा करून हाती देणे वेगळे; दुसऱ्या कृत्याने व्यक्तीच्या खाजगी जीवनावर आक्रमण होते. तरीही पुढे तेथे काउंटीकाउंटीतून नावे गोळा करून ती मालकांना व घरमालकांना विकणाऱ्या कंपन्यांचा व्यापार फोफावला, आणि अखेर २०१८ साली पेन्सिल्व्हेनियाला जुन्या किरकोळ नोंदी आपोआप झाकण्याचा कायदा करावा लागला. त्यानंतर इतर राज्येही त्याच वाटेने गेली.

हा धडा महाराष्ट्राला परदेशातून आणण्याचीही गरज नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने नावांची नोंदवही हेच दंडाचे साधन केले होते. कोणी काय केले हे न पाहता, कोण कोणाच्या पोटी जन्मला याची यादी ठेवली गेली, आणि सोलापूरच्या वसाहतीच्या तारेच्या कुंपणात पिढ्या गेल्या. तो अधिनियम १९५२ साली रद्द झाला. परंतु पारधी वस्तीकडे पाहणारी संशयाची नजर रद्द झाली नाही. अशा समाजात प्रत्येक आरोपीचे नाव जगभर शोधता येईल अशी खुली यादी टांगणे म्हणजे न्यायालयाने सोडलेल्या माणसाला आयुष्यभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. मिरजकर निकालाचे दुसरे अंग मला येथे स्मरते: प्रसिद्धी हे न्यायाचे साधन आहे, साध्य नव्हे, जेथे ती न्यायाच्या मुळावर येते तेथे तिला आवर घातला पाहिजे. म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे की, प्रकरण उघडे असावे, माणसाची कुंडली नसावी. खटला क्रमांकाने, ठाण्याने, कलमाने व तारखेने तो कोणासही सापडावा. नाव टाकून शेजाऱ्याचे पूर्वायुष्य उपसण्याची सोय मात्र नसावी.

या दृष्टीने चार गोष्टी आपण कराव्यात अशी विनंती आहे. पहिली, कलम ४०४ ने दिलेला नियम करण्याचा अधिकार वापरून, अंतिम निकालपत्राची व आदेशाची नक्कल कोणाही अर्जदाराला कारण न विचारता, माफक फी घेऊन व ठरावीक मुदतीत मिळावी. लैंगिक अत्याचाराची, बालकांची व अल्पवयीन आरोपींची प्रकरणे कायद्याने संरक्षित आहेत, ती तशीच राहावीत. आणि साक्षीदारांचे जबाब, पंचनामे व वैद्यकीय कागद यांसाठी न्यायालयाची परवानगी लागावी. दुसरी, प्रत्येक तालुका न्यायालयात वर्षवार फेरिस्तेची एक मराठी वाचनप्रत जनतेस पाहण्यासाठी ठेवावी; तीत खटल्याचे सर्व क्रमांक एका ओळीत, ठाणे, कलमे, निकालाची तारीख, निकालाचे स्वरूप आणि बोजा सध्या कोणत्या दप्तरखान्यात आहे, एवढे असले की कारकुनाच्या स्मरणशक्तीवरील भार उतरेल. तिसरी, कागद आढळला नाही तर तसे लेखी कळवावे, आणि नष्ट झाला असल्यास कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशाने, हेही त्यात लिहावे. असे उत्तर म्हणजेही एक पुरावा असतो, आणि पारपत्र कार्यालयापुढे तो मांडता येतो. चौथी, निर्दोष सुटलेल्या किंवा तडजोडीने मुक्त झालेल्या प्रत्येकाला निकालाची प्रत त्याच दिवशी विनामूल्य मिळावी, निकालाची खबर संबंधित ठाण्याला जाऊन तेथील नोंद पुरी व्हावी, आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्याचे नाव सार्वजनिक संगणकीय शोधातून वगळले जावे.

यावर कामाच्या ओझ्याचा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. कनिष्ठ न्यायालयांतील कर्मचारी किती अपुऱ्या हातांनी काम करतात हे त्या आवारात थोडा वेळ बसलेल्या कोणालाही दिसते. परंतु आजचे ओझे बव्हंशी अव्यवस्थेनेच वाढविलेले आहे. एकच माणूस एकाच कागदासाठी पुनःपुन्हा येतो, प्रत्येक खेपेस कोणीतरी उठून फळ्या चाळतो, आणि प्रत्येक अर्जावर परवानगीचा स्वतंत्र विचार न्यायाधीशाला करावा लागतो; हा वेळ कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, पण तो खर्च होतोच. एकदा नीट लिहिलेली फेरिस्त आणि एकदा स्पष्ट केलेला नियम यांनी तो वाचेल. दुसरा आक्षेप दुरुपयोगाचा. त्याचे उत्तर असे की, दुरुपयोग करणाऱ्याला आजही नक्कल मिळतेच, फक्त ती मध्यस्थाच्या हस्ते मिळते. नियम खुला झाल्याने त्याला नवे काही मिळणार नाही; जो सरळ खिडकीशी जातो, त्याला मात्र आज न मिळणारी गोष्ट मिळेल.

महाराष्ट्राच्या ३५८ तालुक्यांत राहणाऱ्या बहुसंख्य लोकांना उच्च न्यायालयाची इमारत आयुष्यात पाहावयास मिळत नाही. त्यांच्या दृष्टीने न्यायव्यवस्था म्हणजे तालुक्याचे न्यायालय आणि तेथील नक्कल विभागाची खिडकी. त्या खिडकीत कोणता नियम चालावा हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिला आहे, आणि त्यासाठी नवा अधिनियम, नवे पद किंवा नवा निधी यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नाही. तो अधिकार आपण वापरावा, नियमांचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करून त्यावर तालुक्यांतील वकीलमंडळांच्या व नागरिकांच्या हरकती मागवाव्यात, आणि अंमलाची तारीख जाहीर करावी, एवढीच या पत्राची मागणी आहे.

कळावे.

आपला विनम्र,
एक तालुकावासी नागरिक